राखणदाराची राखण : घरचे कुत्रे आणि मांजर



सोयाबीनची सोंगणी झाली, गंजी लागली, की रात्री जागलीला कोण असते? एक आपण, एक बॅटरी आणि पायाशी बसलेले कुत्रे. तुरीत रानडुक्कर शिरले, हरभऱ्यात रोही आला, तर आपल्याआधी त्याला कळते. तेच भुंकून आपल्याला उठवते. घरात गव्हाची, तुरीची पोती रचली, की उंदरांवर पहारा मांजरीचा. आपल्या कारंज्याच्या गुरुमंदिरात दर्शनाला जातो, दत्ताच्या तसबिरीला हात जोडतो. त्या तसबिरीतही पायाशी चार कुत्री उभी आहेत.

पण खरे बोलायचे तर, बैल लंगडला की आपण लगेच दवाखाना गाठतो, आणि कुत्रे दोन दिवस जेवले नाही तर म्हणतो, “जाईल बरे आपोआप.” इथेच चुकते. कुत्रे-मांजर आपल्या अंगणात, ओसरीवर, लेकराबाळांत वावरते. त्याचे आजारपण त्याच्यापुरते राहत नाही. म्हणून त्याची काळजी ही घरातल्या लेकरांची काळजी आहे, असे समजून पुढचे वाचा. रेडिओवर ऐकलेले विसरायला होते, तेव्हा ही पत्रिका दारामागच्या खिळ्याला अडकवून ठेवा.

सगळ्यात मोठा धोका : पिसाळणे, म्हणजेच रेबीज

कुत्रे पिसाळते ते उन्हाने नाही, भुकेनेही नाही. रेबीज हा विषाणूचा रोग आहे. तो कुत्रा, मांजर, कोल्हा, मुंगूस, वानर, गाय, म्हैस, बैल, शेळी आणि माणूस या सगळ्यांना होतो. आपल्या देशात माणसाला तो बहुतेक वेळा कुत्र्याकडूनच होतो.

हा विषाणू आजारी जनावराच्या लाळेत असतो. ते चावले, त्याने ओरबाडले किंवा उघड्या जखमेवर चाटले, की लाळेवाटे विषाणू आत शिरतो. मग तो मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. ही वाटचाल साधारण एक ते तीन महिने चालते. कधी आठवड्याभरात उरकते, तर कधी वर्षही लागते. चेहऱ्याला, मानेला, हाताच्या बोटांना चावले तर धोका जास्त आणि वेळ कमी. लहान लेकरांची उंची कमी, त्यामुळे कुत्र्याचे तोंड थेट त्यांच्या तोंडाशी येते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की संशयित जनावर चावलेल्या दर दहा माणसांत चार जण १५ वर्षांच्या आतली मुले असतात.

विषाणू मेंदूत पोचला, रोग्याला पाणी पाहून घशाला झटके यायला लागले, की मग उपाय उरत नाही. रोगी जवळपास दगावतोच. पण चावल्यापासून मेंदूत पोचेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात लस घेतली तर रोग टाळता येतो. पूर येण्याआधी बांध घातला तर वावर वाचते, पाणी शिरल्यावर घालून उपयोग नाही. तसेच हे आहे, बरं का.

कुत्र्याला लस कधी द्यावी ?

१. पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की रेबीजची पहिली लस टोचून घ्यावी.
२. दुसरी मात्रा पशुवैद्यक सांगतील त्या तारखेला, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनी द्यावी.
३. त्यानंतर दरवर्षी एकदा, न चुकता.
४. मांजरालाही हीच लस लागते. “मांजराला काय होते?” असे म्हणू नये. मांजरही पिसाळते, आणि ते नख्या चाटते म्हणून त्याचे ओरबाडणेही धोक्याचे.

तारीख लक्षात राहत नाही ना? मग सोपी खूण सांगतो. पोळ्याला बैल धुतो, सजवतो, त्याच दिवसांत कुत्र्याच्या लसीची आठवण ठेवायची. पोळ्यानंतर थोड्याच दिवसांनी, २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिन येतो. त्या सुमारास पुष्कळ ठिकाणी लसीकरणाची शिबिरे भरतात. आपल्या गावाला जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. चार-पाच घरांनी मिळून दवाखान्यात सांगितले, तर डॉक्टरांनाही सोयीचे जाते. मोठा इलाज असेल तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आपल्याला जवळ आहे.

लस थंडीत, म्हणजे २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. बाजारातून विकत घेऊन पिशवीत टाकून उन्हातून गावी आणली, तर ती निकामी होते आणि आपण मात्र निर्धास्त राहतो. म्हणून शक्यतो कुत्रेच दवाखान्यात न्यावे. लस आणायचीच झाली, तर बर्फ भरलेल्या थर्मासात आणावी. लस दिल्याचे कार्ड रेशनकार्डाबरोबर जपून ठेवावे.

पिल्लांना आणखी एक लस असते. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे दोन रोग पिल्ले पटापट मारतात. पार्व्होत उलट्या आणि रक्ताचे, घाण वासाचे जुलाब होतात. डिस्टेंपरमध्ये नाक-डोळे गळतात, खोकला येतो, पुढे झटके येतात. दोन्हींची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करतात आणि ठरलेल्या अंतराने पुन्हा देतात. हे रोग माणसाला होत नाहीत. पण झटके येणारे कुत्रे रेबीजचेही असू शकते, तेव्हा त्याला हात न लावता डॉक्टरांना दाखवावे.

पिसाळलेले जनावर कसे ओळखावे ?

पहिली खूण म्हणजे स्वभाव पालटणे. गरीब कुत्रे गुरगुरू लागते, भुंकणारे एकदम गप्प होते. मग काही कुत्री दिसेल त्याला चावत सुटतात, दगड-लाकूड चावतात, गाव सोडून दूरवर भटकतात. आवाज घोगरा होतो, लाळ गळते. काही कुत्री मात्र अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहतात. त्यांचा जबडा लोंबतो, त्यांना गिळता येत नाही, मागचे पाय ओढतात. हा मुका प्रकार फसवा. घरच्या माणसाला वाटते घशात हाड अडकले, आणि तो तोंडात हात घालतो. असे कधीही करू नये.

“पाणी प्याले, म्हणजे पिसाळलेले नाही” हा समजही सोडून द्या. पाण्याची ती धास्ती माणसात दिसते. पिसाळलेले कुत्रे पाण्यात तोंड घालू शकते, फक्त त्याला गिळता येत नाही. लहान पिल्लालाही रेबीज होतो. मुले गल्लीतले पिल्लू उचलून आणतात, ते ओरबाडते, आणि घरी कोणी सांगत नाही. मुलांना रागावू नका. “काहीही चावले, ओरबाडले, तर आधी मला सांग,” एवढे त्यांच्या मनात बसवा. मार मिळेल या भीतीने लेकरू लपवते, आणि हातातला वेळ निघून जातो.

चावले तर काय करावे ?

(१) लगेच हापशावर किंवा नळाखाली जखम धरा. साबण लावून वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटे, दोन तांबे ओतून नव्हे. साध्या साबणानेही जखमेतला बराच विषाणू मरतो. वावरात असाल तर मोटारीच्या पाण्याने धुवा. चावऱ्याच्या दिवशी हाच अर्धा इलाज आहे.

(२) जखमेवर पोव्हिडोन आयोडिन असेल तर लावा. मिरची, हळद, चुना, तंबाखू, तेल, रॉकेल यांतले काही लावू नका. जखम घट्ट बांधू नका. टाके घालायचे की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

(३) त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा वाशिमचे जिल्हा रुग्णालय गाठा. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. “उद्या वावरातले काम आहे, परवा जातो,” असे करू नका.

(४) सुया किती? त्वचेत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७ आणि २८ या दिवशी. स्नायूत देण्याच्या पद्धतीत ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी. शून्य दिवस म्हणजे पहिली सुई घेतली तो दिवस. मोठ्यांना सुई दंडात देतात, लहान लेकराला स्नायूत द्यायची असेल तर मांडीत.

(५) रक्त निघाले असेल, चेहऱ्याला चावले असेल, किंवा जखमेवर, डोळ्यात, ओठात लाळ गेली असेल, तर लसीबरोबर रेबीजचे सीरमही लागते. लस अंगात काम करू लागायला काही दिवस जातात, तोवर सीरम जखमेपाशीच विषाणूला अडवते. ते जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. डॉक्टरांना स्वतःहून विचारा, “साहेब, सीरम लागेल का?” जवळच्या केंद्रात नसेल, तर पहिली सुई तिथेच घेऊन मोठ्या रुग्णालयात जा.

(६) गरोदर बाईलाही ही लस देता येते, तान्ह्या बाळालाही देता येते. पूर्वी कोर्स पूर्ण झाला असेल तर ते सांगा. मग साधारण दोनच सुया लागतात.

(७) कुत्र्याला काठीने मारून टाकू नका. बांधता येत असेल तर बांधून दहा दिवस नजर ठेवा. चावताना लाळेत विषाणू असेल, तर कुत्रे सहसा दहा दिवसांत आजारी पडते किंवा मरते. दहा दिवस ते ठणठणीत राहिले, तर पुढच्या सुयांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. पण दहा दिवस वाट पाहून मग सुई घेऊ, असे मात्र नाही. सुई आजच सुरू करायची. घरचे, लस दिलेले कुत्रे चावले तरी दवाखान्यात जायचेच.

“पोटात चौदा सुया” आणि गंडा-दोरा

जुन्या माणसांना पोटातल्या सुया आठवतात आणि त्या भीतीने ते दवाखाना टाळतात. त्यांचे चुकत नाही, पूर्वी तसेच होते. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा लस दिली आणि तो मुलगा वाचला. पुढे १९११ मध्ये कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी मेंदूच्या पेशींपासून लस तयार केली. आपल्याकडे पुष्कळ वर्षे तीच पोटात टोचत. ती जुनी लस २००४ च्या अखेरीस आपल्या देशात बंद झाली. आताची लस वेगळी, सुरक्षित आणि दंडात घ्यायची.

आणि गंडा-दोरा, झाडपाला? “अमक्याकडे नेले आणि माणूस बरा झाला,” असे सांगणारे गावोगाव आहेत. ते खोटे बोलत नाहीत, पण हिशेब चुकतो. चावणारे प्रत्येक कुत्रे पिसाळलेले नसते, आणि पिसाळलेले चावले तरी प्रत्येक वेळी रोग होतोच असे नाही. ज्याला रोग होणारच नव्हता, तो वाचला आणि नाव गंड्याचे झाले. ज्याला होणार होता, त्याचे आयुष्य त्या दोऱ्याच्या भरवशावर गेले. श्रद्धा असेल तर नारळ सुया पूर्ण झाल्यावर फोडा.

ढोरांना चावले तर

पिसाळलेले कुत्रे गोठ्यात शिरून गाय-बैलाला चावले, तर जखम तशीच साबणाने धुवावी, पण हातात प्लास्टिकची पिशवी किंवा मोजे घालून. लगेच पशुवैद्यकांना बोलवावे. चावल्यानंतर ढोरांनाही लसीचा कोर्स देतात. राज्यात पशुसेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, तोही उपयोगी पडेल.

ढोर पिसाळले की सारखे हंबरते, लाळ गाळते, चारा-पाणी गिळत नाही, अंगावर येते. अशा वेळी “घशात काही अडकले” म्हणून तोंडात हात घालणे फार धोक्याचे. तसा हात घातला असेल तर ताबडतोब धुऊन दवाखाना गाठा. अशा जनावराचे दूध वापरू नये, फेकून द्यावे. नकळत उकळलेले दूध प्यायले असेल तर घाबरू नका, उकळल्याने विषाणू मरतो. कच्चे प्यायले असेल तर डॉक्टरांना सांगा. मेलेले जनावर उघड्या हाताने ओढू नये, खोल खड्ड्यात पुरावे.

खाणे, जंत आणि गोचीड

कुत्र्याला भाकरी चालते, पण नुसत्या भाकरीवर ते खंगते. सोबत वरण, उकडलेले अंडे, ताक असे काही द्यावे. मांजराला तर मांस-मासळीचा अंश लागतोच, दूध-भाकरीवर त्याचे भागत नाही. दुधाने जुलाब होत असतील तर दूध बंद करावे. कांदा-लसूण घातलेली तिखट भाजी, मनुका, द्राक्षे आणि चॉकलेट देऊ नये. कांद्याने कुत्र्या-मांजराचे रक्त कमी होते. शिजवलेल्या कोंबडीचे हाड चिरते आणि आतड्याला टोचते.

बकरे कापल्यावर कच्ची आतडी, काळीज कुत्र्यापुढे टाकायची सवय मोडा. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक बारीक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून मातीत आणि मातीतून आपल्या हाताला, भाजीपाल्याला लागतात. पुढे माणसाच्या काळजात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. पिल्लांना दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून, आणि मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचे औषध पशुवैद्यकांच्या सल्ल्याने द्यावे. कुत्र्याशी खेळून मुले हात धुऊनच जेवायला बसावीत. मांजराची विष्ठा घरातल्या गरोदर बाईने उचलू नये, ते काम दुसऱ्याने करावे.

गोचीड, पिसवा, खरूज यांवर पिकाचे फवारणीचे औषध चोळू नका. जळके ऑइल, रॉकेलही लावू नका. जनावर अंग चाटते आणि विष पोटात जाते. गोचिडावर ढोरांसाठी आणलेले औषधही कुत्र्या-मांजराला मनाने लावू नये. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला मारक आहे. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला दिली, तर एका गोळीतही ते दगावू शकते.

शेतातले विष, ऊन आणि यंत्रे

उंदरासाठी झिंक फॉस्फाइडचे आमिष ठेवले, आणि मेलेला उंदीर मांजराने खाल्ला, तर मांजरही जाते. या विषावर उतारा नाही. आमिष ठेवायचे तर बिळात ठेवून बीळ बुजवावे. मेलेले उंदीर रोज सकाळी गोळा करून पुरावेत. त्या दिवसांत मांजर घरात कोंडावे. कोठीत मांजर असेल तर सापळा बरा. औषध लावलेले उरलेले बियाणे, फवारणीच्या रिकाम्या बाटल्या, पंपाचे पाणी उघडे ठेवू नये. विष गेल्याचा संशय आला तर जे खाल्ले त्याचे पाकीट घेऊन दवाखान्यात जा.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते जीभ काढून धापते. टिनाच्या शेडखाली, आखूड साखळीने बांधू नका. निंबाची सावली आणि पाण्याचे मातीचे भांडे एवढे पुरे. ते फार धापत असेल, लडखडत असेल, तर सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी घाला आणि दवाखान्यात न्या. पिल्लू वाढते तसा गळ्यातला पट्टा सैल करा. मळणीयंत्र किंवा ट्रॅक्टर सुरू करण्याआधी गंजीत, चाकाखाली मांजर झोपले नाही ना, ते पहा. रानडुकरांसाठी कुंपणात वीज सोडणे तर बेकायदा आहेच, त्यात कुत्रेही मरते आणि शेजाऱ्याचे पोरही.

नको असलेली पिल्ले

कुत्री वर्षात दोनदाही विते. पोसवत नाहीत म्हणून पिल्ले पोत्यात घालून बाजाराच्या गावी किंवा नाल्याकाठी सोडली, की तीच पुढे बिनलसीची मोकाट कुत्री होतात आणि शाळेच्या वाटेवर उभी राहतात. त्यापेक्षा कुत्रा असो की कुत्री, पशुवैद्यकांना विचारून नसबंदी करावी. नसबंदीने राखणीचे काम कमी होत नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही घरच्या जनावराची लस आणि नसबंदी ही मालकाचीच जबाबदारी मानली आहे.

ध्यानात ठेवा

• वर्षातून एक लस, कुत्र्याला आणि मांजरालाही.
• चावले, ओरबाडले : १५ मिनिटे साबण-पाणी आणि त्याच दिवशी दवाखाना.
• एकही सुई चुकवू नका.
• लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात हात घालू नका.
• विष आणि औषधे कुलपात.

कुत्र्याच्या लसीचा खर्च एका फवारणीच्या खर्चापेक्षा कमीच येतो. फवारणी चुकली तर एका हंगामाचे पीक जाते, पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. लस चुकली आणि लेकरू गेले, तर कोणता हंगाम ते परत देणार? रात्रभर आपल्यासाठी जागणाऱ्या त्या जिवासाठी वर्षातली एक सकाळ काढा. आज घरी गेल्यावर कुत्र्याचे कार्ड शोधा. कार्ड सापडले नाही, तर उद्याच दवाखान्यात चौकशी करा.